त्या वर्षीचा बोजारा

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की आमच्या गावात कोणी कोणाचं ऐकून घेत नाही. सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवं असतं, एकाच वेळी ट्रॅक्टर हवा असतो आणि एकाच वेळी बाया हव्या असतात. यंदाही तसंच चाललंय. सकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून मी आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, वाकलेल्या बायांची ओळ बघत होते. पोटरीभर चिखल, वर खोचलेली लुगडी, पाठीवर मेनकापड, एका हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, पेंडी आणि दुसरा हात पाण्यात खाली-वर होत असलेला. खांद्याला खांदा लागलेला. मधल्या एकीला शिंक आली, तशी शेजारची म्हणाली, "दूर हो वं, कोरोना." ओळभर हसू पसरत गेलं. मीही हसले, आणि मग मला राग आला.

राग त्या बाईचा नव्हता. मागे शाळेत एक कार्यक्रम झाला, त्याचा उरलेला राग होता तो. आमच्या गावचे गुलाबराव, कोरोनाच्या वर्षी गावसमितीचे प्रमुख होते, ते माईकवर म्हणाले की त्या संकटात आपलं गाव एका कुटुंबासारखं राहिलं. टाळ्या पडल्या. मी आजूबाजूला बघितलं. कोणी गालातल्या गालात हसत नव्हतं, कोणी खाली मान घालत नव्हतं. माणसं खोटं बोलत असती तर मला इतकं लागलं नसतं. त्यांना खरोखरच तसं आठवतं. गावाची आठवण म्हणजे उन्हाळ्यातली बोडी आहे, शेतातलं लहान तळं, गाळ खाली बसला की वरचं पाणी नितळ दिसतं. मी गाळ ढवळणारी बाई आहे, माझ्या सासूचं तरी माझ्याबद्दल पहिल्यापासून तेच मत होतं.

मी मूळची गोंदिया शहरातली. राइस मिलच्या भोंग्यावर उठणारी-बसणारी, घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणारी माणसं आम्ही. लग्न होऊन सालेकसा तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा इथलं घड्याळ आगगाडीचं होतं. रूळ गावातून दिसत नाहीत, पण गाडी ऐकू येते. अमकी गाडी गेली की गाई सोडायच्या, तमकी गेली की भात चढवायचा. त्या वर्षी मार्चच्या शेवटी गाड्या थांबल्या आणि गावाचं दुपारचं जेवण अर्धा दिवस इकडे-तिकडे होऊ लागलं. सासू म्हणायची, भूकच कळत नाही कधी लागावी ते. मालगाड्या चालू होत्या, पण त्यांना ना वेळ ना काळ, त्यांच्या भरवशावर कोणी भात चढवत नाही.

मोहाला मात्र लॉकडाऊन नव्हता. तो वेळेवर टपटपला. पहाटे बाया टोपल्या घेऊन जंगलात गेल्या, नाकावर पदर बांधून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पदर काढून गेल्या, कारण वास आला नाही तर मोह वेचण्यात काय मजा. सॅनिटायझर तालुक्याला मिळत नव्हतं तेव्हा गावातल्या काही पुरुषांनी मोहाची दारू हाताला चोळली. पुढे त्यांनी असा शोध लावला की बाहेरून चोळण्यापेक्षा आतून जास्त गुण येतो. किराणा दुकानासमोर चुन्याची वर्तुळं आखली होती, त्या वर्तुळांत चपला रांगेत उभ्या असायच्या आणि चपलांचे मालक लिंबाखाली मांडीला मांडी लावून बसलेले असायचे. पोलिसांची गाडी आली की सगळे पळत जाऊन आपापल्या चपलांत उभे.

देवरीकडच्या हायवेवरून छत्तीसगडची माणसं पायी चालली होती. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. सुरुवातीला गावातून त्यांच्यासाठी भात आणि पाणी गेलं. नंतर नुसतं पाणी गेलं. नंतर पाणी ठेवून लांब उभं राहणं सुरू झालं, आणि शेवटी रस्ता सोडून त्यांनी शिवारातून जाऊ नये म्हणून धुऱ्यांवर काट्या टाकल्या गेल्या. रोग चीनमध्ये होता तोवर ती गंमत होती. मुंबईत आला तेव्हा बातमी झाली. गोंदियात आला तेव्हा भीती वाटली. आणि आमच्या दारात आला तेव्हा तो रोग राहिलाच नाही, आमच्या घराचं नाव झाला.

माझा नवरा मनोहर गोंदियाच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय. त्या वर्षी त्याची ड्युटी कोरोनाच्या वॉर्डात लागली. एप्रिलमध्ये तो दोन दिवसांसाठी घरी आला, तर ग्रामपंचायतीपुढे त्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, थाळ्या वाजवणं, सगळं. गुलाबरावांनी नारळ लांबूनच पुढे केला, मनोहरनं लांबूनच घेतला, पण कौतुक खरं होतं. आमच्या घरावरून जाताना माणसं मुद्दाम थांबत, काय चाललंय दवाखान्यात, विचारत. सासूची मान ताठ झाली होती. तिला तोंडभर बोलायला माणसं लागतात आणि त्या दिवसांत तिला ती भरपूर मिळत होती.

मग पाऊसपाणी झालं, पऱ्हे टाकले, ते हिरवेगार वर आले आणि रोवण्याचे दिवस जवळ आले. रोवणा म्हणजे बायांनी ओळीत, जवळ जवळ वाकून, मागं मागं सरकत केलेलं काम. समितीला प्रश्न पडला की यात अंतर कसं ठेवायचं. गुलाबराव कर्तबगार माणूस. त्यांनी माणसाच्या उंचीएवढी बांबूची काठी तोडून आणली आणि ठरवून दिलं की दोन बायांच्या मध्ये ही काठी मावली पाहिजे. मुहूर्त त्यांच्याच बांधीत. पोरानं काठी धरायची, बायांनी काठीच्या मापानं उभं राहायचं. आता रोवणारी बाई डावी-उजवीकडे हात पोचतो तेवढंच लावते, उरलेलं शेजारचीच्या हाताखाली येतं. इथं शेजारीण काठीपलीकडे. दुपारी बाया बांधीतून वर आल्या आणि सगळ्यांनी वळून बघितलं, तर हिरवा पट्टा, मग मोकळा चिखल, परत हिरवा पट्टा, परत चिखल. न्हाव्याला मध्येच कोणी बोलावून नेलं तर गिऱ्हाइकाचं डोकं जसं दिसेल, तशी ती बांधी दिसत होती.

टोळीची म्होरकी सत्यशीलाताई. बौद्ध मोहल्ल्यात राहते, वीस-बावीस बाया तिच्या शब्दावर चालतात आणि तिच्या शब्दाला धार आहे. ती गुलाबरावांना म्हणाली की मधले पट्टे आता समितीनं लावून घ्यावेत. गुलाबराव हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी काठी घरीच राहिली. बाया पुन्हा खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, आणि साऱ्या शिवारात तसाच रोवणा सुरू झाला. तोंडाला दुपट्टे मात्र होते, तेवढं बायांनी आपणहून पाळलं.

हा प्रसंग आम्ही सगळे अजून हसून सांगतो. मी सांगते तेव्हा त्याच्या पुढचंही सांगते, आणि मग हसू थांबतं.

त्याच आठवड्यात मनोहर पॉझिटिव्ह आला. तो गोंदियातच होता, तिथेच भरती झाला, पण आधी घरी येऊन गेलेला असल्यामुळे आमची तपासणी झाली. मी, सासू आणि माझी मुलगी, तिघींचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी घरात राहायचे दिवस सांगितले होते, ते आम्ही मुकाट पाळले. मला कोणी सांगू नये की रोग खोटा होता. पुढच्या उन्हाळ्यात तो कसा आला ते मी बघितलं आहे, गावातली चांगली धडधाकट माणसं त्यानं नेली. दिवस पाळायलाच हवे होते. आमच्या दारापुढे आडवे बांबू बांधले तेव्हाही मी काही बोलले नाही. बांधणाऱ्यांत नारळ देणारे हात होते, ते मी बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

दिवस संपले. आरोग्य खात्याची आशाताई येऊन सांगून गेली की आता तुम्ही मोकळ्या. मनोहरही बरा होऊन पुन्हा ड्युटीवर लागला. बांबू मात्र तिथेच. दूध घेणारा आमचं दूध घेईना. किराणावाला सामान ओट्यावर ठेवून आत जायचा आणि आम्ही वळलो की ओटा धुवायचा. माणसं आमच्या घरासमोरून जाताना मान फिरवून, पाय उचलून जायची. सासू दारात बसून सगळं बघायची. तिला भांडायलाही कोणी मिळेना. एकदा ती मला म्हणाली, "मी मेली का वं? असे काऊन जातेत माह्या दारावरून, मयत ठेवल्यावानी?"

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. बांधीतलं अंतर दीड दिवसात मोडलं, कारण त्याचं नुकसान ज्याचं त्याला सोसावं लागत होतं, डोळ्यांना दिसत होतं. आमच्या दारापुढचं अंतर टिकलं, कारण त्याचं नुकसान फक्त आम्हाला होतं. भीती दोन्हीकडे सारखीच होती. एकीकडे ती धानापुढे गप्प बसली, दुसरीकडे तिला गप्प बसवणारं काही नव्हतं. लोक म्हणतात, अगं तेव्हा सगळेच घाबरले होते. घाबरा ना. मी पण घाबरले होते. पण घाबरलेला माणूस कुठे थांबतो आणि कुठे थांबत नाही, त्यावरून तो कळतो.

आणि मुख्य म्हणजे पऱ्हे थांबत नाहीत. वेळेत उपटून रोवले नाहीत तर ते जागच्या जागी म्हातारे होतात, कांडी धरतात, मग चिखलात लावले तरी फुटवे येत नाहीत. आमचे पऱ्हे पिवळे पडायला लागले होते. घरचा वर्षाचा भात त्या पऱ्ह्यांत होता, दुसरं शेत नाही. बाकीच्या बांध्या हिरव्या होत चालल्या होत्या आणि मध्ये आमची नुसती पाण्यानं भरलेली, आभाळ दाखवत पडलेली. मी आणि सासू दोघीच रोवायला उतरलो. मी शहरातली, माझी ओळ सापासारखी. सासूच्या गुडघ्यांत पाणी. संध्याकाळी वर आलो तेव्हा एक कोपरा लावून झाला होता. सासू धुऱ्यावर बसली आणि उरलेल्या पेंड्या मोजू लागली.

मी टोळ्यांना विचारत फिरले, फोन केले. कोणी म्हणालं अंगात कणकण आहे, कोणी म्हणालं दुसरीकडे शब्द दिला आहे. खरं काय ते मला किराणावाल्याच्या बायकोनं कुंपणाआडून सांगितलं. गुलाबरावांनी सगळ्यांना निरोप दिला होता की जी टोळी मनोहरच्या बांधीत उतरेल तिला बाकी गावात यंदा कोणी बोलावणार नाही. रोजीवर जगणाऱ्या बायांचा तोच हंगाम. वर्षातले हेच दिवस हातात काही पडण्याचे. अशा धमकीपुढे कोणी माझ्यासाठी उभं राहावं, असा माझा कोणावर हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीलाताई आली. बांबूपाशी थांबली नाही. वाकून खालून आत आली, तोंडावरचा दुपट्टा नीट केला आणि अंगणात उभी राहिली. पऱ्हे बघून आले म्हणाली. अजून दोन-तीन दिवस निघतील, पुढे कठीण आहे. टोळीतल्या अर्ध्या बाया यायला तयार आहेत, अर्ध्यांना भीती वाटते, त्यांना तिनं जबरदस्ती केली नाही. मी तिला गुलाबरावांचा निरोप कळला आहे का, विचारलं. कळला आहे, म्हणाली. मग म्हणाली, "येतो मी. पण बोजारा घरात पायजे. चुलीपाशी."

हे इथल्या माणसाला लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगते. रोवणा उरकला की शेवटच्या दिवशी मालकानं रोवणाऱ्या बायांना जेवू घालायचं, त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. बाया मालकिणीला चिखल लावतात, मस्करी करतात, मग पंगत बसते. पंगत कुठे बसायची हे मात्र कोणी बोलून ठरवत नाही, ते ठरलेलं असतं. आमच्या जातीच्या बाया आत सोप्यात. सत्यशीलाताईच्या टोळीतल्या बाया अंगणात, गोठ्याच्या वळचणीला. पत्रावळीवर वाढणारा हात वरून यायचा, पाणी वरून ओतलं जायचं. कोणी तिथं बसा म्हणत नसे आणि कोणी आत या म्हणत नसे. आमच्या घरातही हीच रीत, मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत आलेली. जो भात आत शिजायचा त्याचं एकेक रोप त्यांच्याच हातचं असायचं, पण चूल त्यांनी कधी बघितली नव्हती.

सासू दारातच बसली होती. तिनं ऐकलं. म्हणाली, आधी रोवणा तर होऊ दे, मग बघू. सत्यशीलाताई म्हणाली, नाही, आधी सांगा. मी मध्ये काही बोलणार, तेवढ्यात सासूनंच विचारलं, "तुले भेव नाई लागत? माह्या घरात रोग आहे म्हणतेत."

"रोगाचं दूर राहणं मले समजते, बाई," सत्यशीलाताई म्हणाली. "पंधरा दिवस राहा, महिनाभर राहा, मंग ते संपते. ते दुसरं कवा संपते ते सांगा. माह्या आजीपासून मी तुमच्या अंगणातच आहे."

आवाज चढलेला नव्हता. काम किती, बाया किती, हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं. अंगणात पाणी साचलं होतं, कोंबड्या गोठ्याखाली अंग चोरून उभ्या होत्या. सासूनं बांबूकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे. माझी सासू देवाधर्माची, सोवळ्याची, चुलीपाशी माझ्या माहेरच्या माणसांनाही आधी हात-पाय धुवायला लावणारी. ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती आणि ती नाही म्हणाली तर भर अंगणात तिच्याशी भांडायचं हेही मी ठरवून टाकलं होतं.

ती भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "काय शिजवू?"

अकरा-बारा बाया आल्या. दुपट्टे बांधून, पाठीवर मेनकापडं घेऊन त्या आमच्या बांधीत उतरल्या आणि आजूबाजूच्या बांध्यांतली कामं थांबली. माणसं धुऱ्यांवर उभी राहून बघत होती. मी पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकत होते, बाया मागं सरकत होत्या आणि त्यांच्यापुढे पाणी हिरवं होत होतं. एकीनं गाणं धरलं, दुपट्ट्यातून तिचा आवाज जाड येत होता, बाकीच्यांनी तो उचलला. इतके दिवस आमच्या घरात माणसाचा आवाज नव्हता. मी धुऱ्यावर उभी राहून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पाऊस चालू होता म्हणून कोणाला दिसलं नाही एवढंच.

गुलाबरावांनी एक गणित केलं नव्हतं. दरवर्षी छत्तीसगडकडून रोवण्याच्या टोळ्या येतात, म्हणून गावातल्या टोळीला धमकावणं सोपं असतं. त्या वर्षी टोळ्या आल्या नाहीत. गावातल्या बाकीच्या टोळ्यांना आपापली कामं पुरून उरली होती. सत्यशीलाताईला बोलवायचं नाही असं ठरवून बसलेल्यांच्या घरी पऱ्हे होतेच, आणि पऱ्ह्यांना समितीचा ठराव वाचता येत नाही. गुलाबरावांची सगळ्यात मोठी बांधी, तळ्याजवळची, अजून तशीच पडून होती. सत्यशीलाताईला हे आधीच माहीत होतं का? मी एकदा विचारलं तर म्हणाली की माहीत नव्हतं, काम गेलं असतं तर गेलं असतं.

आमचा रोवणा उरकला त्या दिवशी सासू पहाटेपासून चुलीपुढे. श्रावण लागला होता म्हणून कोंबड्याचा जीव वाचला. वास्त्याची भाजी, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, वरण, वडे, भात, वर गुळाचा शिरा. मनोहरला फोनवर सांगितलं तेव्हा तो काळजीत पडला. त्याचं म्हणणं, बाया बसवायच्याच तर अंगणात बसवा, मोकळ्या हवेत धोका कमी. दवाखान्यातला माणूस, त्याचं खोटं नव्हतं. फोन स्पीकरवर होता, सत्यशीलाताई दारातच हात धूत होती. "मनोहरभाऊ," ती म्हणाली, "अंगणातच बसून आली मी आजपावतर."

मग तो म्हणाला, दारं-खिडक्या सगळ्या उघड्या टाका, पंखा लावा आणि जरा लांब लांब बसा. आम्ही मागचं दार उघडलं, पुढचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या. पंगत चुलीपासून सुरू झाली आणि सोप्यापर्यंत गेली. शहाणपणाचं होतं का, असं कोणी आज विचारलं तर मी म्हणेन, नसेल. पण आमच्यातल्या कोणालाही त्या जेवणानं काही झालं नाही, आणि झालं असतं तरी माझं म्हणणं बदललं नसतं. काही गोष्टी सोयीची वेळ बघून करायच्या म्हटलं तर त्या होत नाहीत. गावानं तर किती वर्षं सोयीची वेळ बघितली.

बाया बसल्या, पण अवघडून. चिखलाचे पाय धुवून आल्या होत्या तरी पुन्हा पुन्हा तळवे बघत होत्या. एक म्हातारी बाई भिंतीला पाठ लागू नये म्हणून ताठ बसली होती. सासू वाढत होती. मी बघत होते तिचा हात कसा येतो ते. पहिल्या दोन ताटांवर तो वरूनच आला, सवयीनं. तिसऱ्या ताटापाशी ती गुडघे धरून कण्हत खाली बसली आणि ताटाला डाव टेकवून भात वाढला. तिथून पुढे प्रत्येक ताटापाशी ती खाली बसली आणि उठली. मी डाव मागितला तर दिला नाही.

वाढून झालं, तरी कोणी घास उचलेना. सत्यशीलाताईनं विचारलं, "तुमी कवा जेवान, बाई?"

सासू म्हणाली, तुमचं झालं की.

"मंग आमी थांबतो."

बारा ताटांवर भात निवत होता. सासूनं माझ्याकडे बघितलं, मी काही मदत केली नाही. मग ती आत गेली, फळीवरून आपलं पितळेचं ताट काढून आणलं, सत्यशीलाताईच्या आणि त्या ताठ बसलेल्या म्हातारीच्या मध्ये ठेवलं आणि कमरेवर हात देऊन खाली बसली. तिचं ताट मी वाढलं. जेवण सुरू झालं.

अर्धं जेवण झालं असेल, तेव्हा उघड्या दारात गुलाबराव आले. छत्री, तोंडाला पांढरा रुमाल. बांबूच्या खालून वाकून यावं लागल्यामुळे पाठीवर चिखल लागला होता. त्यांना सत्यशीलाताईशी बोलायचं होतं, तळ्याजवळच्या बांधीबद्दल, उद्याच येणं होईल का म्हणून. पण आत नजर गेली आणि ते विचारायचं राहूनच गेलं. एकदा चुलीकडे बघितलं, एकदा पंगतीकडे, मग माझ्या सासूकडे, जिचा कोपर सत्यशीलाताईच्या कोपराला लागत होता. शेवटी एवढंच म्हणाले, "कोरोना गेला नाई अजून, काकू. असं बसून राहिल्या तुमी."

सासूच्या तोंडात घास होता. तिनं तो सावकाश गिळला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "जेवतं का?"

गुलाबराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत यावं की जावं, त्यांना ठरवता येईना, आणि काम तर होतंच. सत्यशीलाताईनं मान वर न करता त्यांना सांगितलं की जेवण होऊ द्या, मग बोलू. ते अंगणात सरकले, गोठ्याच्या वळचणीला, तिथे पाऊस कमी लागतो. सासूनं मला भात आणायला सांगितला, सगळ्यांना आणखी एकेकदा वाढायचा होता.